विकतचा आवाज

“अजून एकडाव आयका, सर.”

मॅडमचं हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आज नुसतं आठवलं तरी पाय दाराशी थांबतात. ऐकून झालेलं असायचं, कसं वाटलं ते सांगून झालेलं असायचं, आदिलाबादच्या बसची वेळ झाल्यामुळे मी चपला घातलेल्या असायच्या, आणि मागून हे वाक्य यायचं. मी चपला काढून परत आत जायचो. तुम्ही असतात तर तुम्हीही गेला असतात. त्यात हुकूम नसायचा. जेवायला बसलेल्या माणसाला भाकरीचा अजून एक तुकडा घ्या म्हणावं, तसं ते असायचं.

त्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. तेलंगणातल्या जैनथ मंडलातलं पैनगंगेच्या काठचं गाव आणि तिथली मराठी माध्यमाची सरकारी शाळा. मी तिथं मराठी शिकवतो, तेव्हाही तेच शिकवायचो. शाळेत बाकीही मॅडम होत्या, पण गावात कोणी नुसतं ‘मॅडम’ म्हटलं की त्याच. त्यांचे वडील याच गावात सालदार होते. ज्या मालकाच्या वावरात वडील राबले, त्याच्या नातवंडांना मॅडम गुरुत्वाकर्षण शिकवायच्या. वर्गात त्यांचं बोलणं पुस्तकातल्यासारखं असायचं आणि वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की गावासारखं. नवरा फार लवकर वारला होता. मुलगी हैदराबादला नोकरीला होती. बुद्धविहाराच्या मागं दोन खोल्यांचं घर होतं. एका खोलीत त्या राहायच्या आणि दुसरीत त्यांच्या पेट्या.

पेट्या म्हणजे स्पीकरच्या पेट्या. त्या स्वतः स्पीकर बनवायच्या.

आता तुम्हाला वाटेल, यात बनवायचं काय? आदिलाबादच्या बाजारात कुठल्याही दुकानात जा, डबा मिळतो, घरी आणून बटण दाबलं की वाजतो. मलाही तसंच वाटायचं. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या दुसऱ्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. प्लायवुडचे तुकडे, स्क्रू, लाकडाचा भुसा, जुन्या टीव्हीतून काढलेले स्पीकर, वायरींची भेंडोळी आणि कोपऱ्यात कापसाचं बोचकं. मॅडमनी एक स्पीकर तसाच उघडा वाजवून दाखवला. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून कोणी बोलतंय असं वाटलं. मग तोच त्यांनी लाकडी पेटीत बसवून वाजवला, आणि आवाजाला अंग आलं. एवढा फरक मलाही कळला. माझ्या कानाची मजल तिथं संपली, हे मात्र मॅडमना कधी पटलं नाही.

आमच्या भागात कापसाला काय तोटा. मॅडम सरकी काढलेला कापूस हाताने पिंजायच्या आणि पेटीत भरायच्या. कापूस कमी झाला की पेटी घुमते, जास्त झाला की गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखं होतं. म्हणून एक मूठ काढायची, वाजवायचं, अर्धी मूठ परत घालायची, पुन्हा वाजवायचं. पेटीला कुठं फट राहिली का ते पाहायला त्या सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरायच्या. धूर थरथरला की तिथून हवा निसटते आहे असं समजायचं. त्यांच्या घरात सतत उदबत्तीचा वास यायचा. नवा माणूस आला तर त्याला वाटायचं, बाई फार भाविक दिसतात.

“तुमी मराठीचे सर,” त्या मला म्हणाल्या. “गाणं कोनालेबी गोड लागते. मले शब्दाचं पाह्यजे. शब्द साफ आला का नाई, हे तुमालेच समजन.”

म्हणून मी ऐकायला बसायचो. मॅडम एक पेटी लावायच्या, मग दुसरी.

“पैली कशी वाटली?”

“चांगली.”

“अन् दुसरी?”

“चांगली.”

“मंग फरक काय?”

मी डोळे मिटून विचार करायचो. “दुसरी जरा... वेगळी वाटली.”

यावर त्या अगदी गंभीरपणे मान डोलवायच्या, जणू मी फार मोलाचं काही सांगितलं आहे, आणि पेटी उघडून कापूस काढायला बसायच्या. मी मनात म्हणायचो, आपण आत्ता काय सांगितलं?

शाळेत मुलांचं जेवण बनवणाऱ्या सुभद्राबाईंचा आवाज खणखणीत होता. मॅडमनी तो मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतला. सुभद्राबाईंनी कढी कशी करायची ते सविस्तर सांगितलं होतं. मॅडमनी पेटीवर लावलं आणि विचारलं, “काय म्हनते?”

“कडी,” मी म्हणालो. “दाराची कडी असते ती.”

मॅडमचा चेहरा उतरला. पेटी ‘ह’ खाते आहे, असं त्यांचं मत झालं. ‘ढ’मधला श्वास पेटीत अडकून राहतो आणि नुसता ‘ड’ बाहेर येतो. पुढचे कितीतरी दिवस मॅडम त्या श्वासाच्या मागे लागल्या. कापूस बदलला, पुढचं भोक मोठं केलं, बारीक आवाजासाठी छोटा स्पीकर जोडला. मी रोज ऐकायचो आणि रोज मला कडीच ऐकू यायची. कडी घोटली, कडीले फोडणी देली, कडी उतू गेली. मग एका दुपारी आम्ही दोघं शाळेत जेवायला बसलो असताना सुभद्राबाई पातेलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “सर, कडी घ्या थोडीशी.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आम्ही सगळेच इथं आम्हीला आमी म्हणतो, तुम्हीला तुमी म्हणतो. सुभद्राबाई तरी कढी कुठून म्हणणार?

“पेटी बराबर बोलून राह्यली होती, सर,” मॅडम म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. सुभद्राबाईंना वाटलं, कढीत काही पडलं की काय. संध्याकाळी मी निघालो तर मॅडम म्हणाल्या, “तरीबी अजून एकडाव आयका.”

त्या हे सगळं कशासाठी करतात, हे मला कधी नीट समजलं नाही. आमच्या हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की घरात प्लायवुड पडून होतं. सुभद्राबाईंना सांगितलं की सुट्टीचा दिवस जाता जात नाही. मला वेगळंच सांगितलं. लहानपणी त्या बापाच्या छातीवर डोकं ठेवून झोपायच्या. बाप आईशी बोलत असायचा. वरच्या कानाला त्याचा रोजचा आवाज यायचा, आणि छातीला लावलेल्या कानात त्याच बोलण्याचा दुसरा आवाज यायचा, जाड, उबदार, आतून आलेला.

“थो आवाज कोन्याच डब्यातून येत नाई,” त्या म्हणाल्या. “म्या लय दुकानं पाह्यले.”

मग थोडं थांबून म्हणाल्या, “तसं प्लायवुडबी पडूनच होतं म्हना.”

आता यातलं खरं कुठलं धरायचं, ते तुम्हीच ठरवा.

त्यांची निवृत्ती जवळ आली तेव्हा त्यांनी एक मोठी पेटी करायला घेतली. ती शाळेसाठी होती. शाळेत जुना भोंगा होता. त्यातून प्रतिज्ञा अशी यायची की बाजूच्या गल्लीत भंगारवाला आला आहे असं वाटावं. आपण गेल्यावर आपली पेटी इथं वाजत राहावी, एवढंच मॅडमचं म्हणणं होतं. हेडमास्तर करीमनगरकडचे तेलुगू माणूस. आमच्याशी हिंदीत बोलायचे, आणि कुठल्याही गोष्टीला ‘सरे, सरे’ म्हणायचे, म्हणजे बरं, ठीक आहे. त्यांनी या पेटीलाही सरे म्हटलं.

मॅडमनी त्या पेटीवर जीव ओतला. सुताराकडून जाड प्लाय आणलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, पॉलिश केलं. कापूस तर त्यांनी असा पिंजला की बाळंतिणीच्या उशीत भरावा. पेटी तयार झाली तेव्हा मी ऐकली आणि चांगली आहे असं म्हणालो. या वेळी मला ती खरंच चांगली वाटली. निदान तसं वाटल्याचं मला आठवतं.

आणि नेमक्या त्याच दिवसांत हैदराबादला नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला विकतचा स्पीकर पाठवला. उंच, काळा, झळझळीत, वाजायला लागला की निळा दिवा लागायचा. मुलं त्याच्याभोवती गोळा झाली. हेडमास्तरांची पंचाईत झाली. भेट नाकारता येईना आणि मॅडमना दुखवता येईना. दोन दिवस ते दोन्ही खोक्यांकडे पाहून सरे सरे करत फिरले. शेवटी म्हणाले, “मॅडम, दोनों रखेंगे.”

“दोन कायले?” मॅडम म्हणाल्या. “जो चांगला हाय थो ठेवा. पडदा लावा अन् सगळ्यायले आयकवा. मंग लोकच सांगतीन.”

त्यांना स्वतःच्या पेटीची खात्री होती. तुम्हाला सांगतो, मलाही होती.

शाळेच्या व्हरांड्यात स्टेजचा हिरवा पडदा बांधला. मागं दोन्ही स्पीकर आणि मोबाइल घेऊन मी. निळा दिवा दिसू नये म्हणून त्यावर टॉवेल टाकला. समोर मुलं, शिक्षक, गावातले चार लोक. आधी विकतचा लावायचा आणि मग मॅडमचा, हे मी मनाशी ठरवलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. एका मुलीच्या आवाजातली प्रतिज्ञा आणि एक भीमगीत, दोन्हीवर तेच.

पडद्याच्या फटीतून मला मॅडम दिसत होत्या. पहिला स्पीकर सुरू झाला तेव्हा त्यांनी डोळे मिटले. ओठांवर हसू आलं. मांडीवरची बोटं अगदी हलकी हलत होती, कापूस पिंजताना हलायची तशी. दुसरा सुरू झाला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि शेजारणीच्या लेकराचं गाणं ऐकावं तसं, कौतुकाने, पण जरा लांबून ऐकलं.

हेडमास्तरांनी विचारलं, “पहला किसको अच्छा लगा?”

सगळ्यांच्या आधी मॅडमचा हात वर गेला.

“मॅडम, आप भी बोलेंगे?”

“पैला माझाच हाय,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मले समजलं.”

मग बाकीचे हात वर गेले. मुलांनी काही ऐकून हात वर केले, की मॅडमचा हात पाहून केले, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही आणि आजही येत नाही. जवळजवळ सगळी शाळा पहिल्याच्या बाजूने होती. दुसऱ्यासाठी एकच हात वर झाला, तो सुभद्राबाईंचा. त्या हातात पळी होती.

“सर, अब बताइए,” हेडमास्तर म्हणाले.

मी पडद्याबाहेर आलो. हेडमास्तरांऐवजी मॅडमकडे वळलो. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या उठल्या, पडदा बाजूला करून स्वतः आत गेल्या. कोणती वायर मोबाइलला लागली आहे, कोणता स्पीकर गरम आहे, ते हात लावून पाहिलं असावं. “पैले कोनता लावला?” मी मागोमाग आत गेलो तेव्हा त्यांनी मला हळूच विचारलं. मी टॉवेलाकडे बोट दाखवलं. त्यांनी टॉवेल काढून त्याची घडी घातली. मग बाहेर येऊन वर्गातल्या भाषेत म्हणाल्या, “मुलांनो, विकतचा स्पीकर जास्त चांगला आहे. तुमच्या दादाने पाठवला आहे. टाळ्या वाजवा.”

मुलांनी टाळ्या वाजवल्या. घंटा झाली. मॅडमचा तास होता, त्या वर्गात गेल्या आणि त्यांनी आरशातली प्रतिमा हा धडा शिकवला.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्याबरोबर चालत घरापर्यंत गेलो. पेटी शाळेचा शिपाई सायकलवर ठेवून पुढं घेऊन गेला होता.

“मले वाईट नाई वाटून राह्यलं, सर,” त्या म्हणाल्या. “वाईट वाटलं असतं तं सोपं होतं. मी गोंधळली हाय. म्या त्याच्यात माझा कापूस आयकला. खरंच आयकला. अन् त्याच्यात कापूसच नाई.”

“घाईत ऐकलं असेल,” मी म्हणालो.

“घाईत नाई आयकलं.” त्या थांबल्या. “थो आपला समजून मले गोड लागला का? का खरंच गोड होता म्हनून मी त्याले आपला समजली?”

मी मराठीचा शिक्षक. वाक्य तेवढं समजलं.

पुढच्या रविवारी त्या हेडमास्तरांकडून शाळेची किल्ली मागून तो विकतचा स्पीकर घरी घेऊन आल्या. हेडमास्तर मागून “वॉरंटी, मॅडम, वॉरंटी” म्हणत राहिले. मॅडमनी स्क्रू काढले. मला वाटलं होतं आत काही विशेष असेल. पातळ प्लॅस्टिक, त्यावर एक हलका स्पीकर आणि कोपऱ्यात चिकटवलेला स्पंजचा तुकडा. बाकी पोकळ. मॅडम त्या पोकळीत बराच वेळ पाहत राहिल्या. बोटाने प्लॅस्टिकवर टिचकी मारून पाहिली.

“ह्याच्यात तं काईच नाई, सर.”

“मग आवाज कुठून येतो?”

“थेच तं.”

त्यांनी स्क्रू होते तसे परत बसवले. सोमवारी स्पीकर जागेवर होता आणि हेडमास्तरांनी सुटकेचा श्वास सोडला.

पण तेव्हापासून मॅडमच्या घरात दुसऱ्या खोलीला एक जुनं लुगडं आडवं बांधलेलं असायचं. दर शनिवारी शाळेचा स्पीकर घरी यायचा. आता लुगड्यामागं मी बसायचो आणि ऐकायच्या त्या. मी कधी हा लावायचो, कधी तो. त्या ओळखायचा प्रयत्न करायच्या. कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं. चुकलं की त्या मान हलवायच्या. बरोबर आलं तरी त्यांचा चेहरा खुलायचा नाही.

“आज तुमचाच ओळखलात, मॅडम. आणि चांगला आहे म्हणालात.”

“व्हय. पन आवडला म्हनून वळखला का वळखला म्हनून आवडला?”

कधी त्या पेटीतला सगळा कापूस काढायच्या. कधी विकतच्यासारखा स्पंज लावायच्या. मग ते सगळं काढून परत पहिल्यासारखं करायच्या. मला वाटायचं, यांना थांबवावं. आणि वाटायचं, थांबवून काय सांगावं? लुगड्यामागं बसून बसून माझाही गोंधळ झाला होता. एकदा तर मी कोणता लावला तेच विसरलो. मॅडमनी विचारलं, मला सांगता येईना, आणि आम्ही दोघं बराच वेळ त्या वाजणाऱ्या गाण्याकडे तोंड करून गप्प बसलो. उठून लुगडं सरकवून पाहता आलं असतं. पण दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

त्या काळात मॅडमना एकाच गोष्टीचा आधार होता. सुभद्राबाईंच्या हाताचा. “एका बाईले तं माझा आवडला,” असं त्या अधूनमधून म्हणायच्या. मग मीच एकदा शाळेच्या स्वयंपाकघरात जाऊन सुभद्राबाईंना विचारलं, “त्या दिवशी तुमी दुसऱ्याले हात वर केला होता. काऊन?”

“कोनत्या दिवशी?” त्यांनी भातातून पळी काढली. “थे पडदा लावला होता तवा? मी उशिरा आली, सर. चुलीवर भाजी होती. आली तवा एकच वाजून राह्यला होता. थोच आयकला. मस्त होता. हात वर केला अन् पळाली, भाजी करपली असती.”

“म्हंजे पैला तुमी आयकलाच नाई?”

“पैलाबी होता का?”

हे मॅडमना सांगावं की नाही, याचा मी एक दिवसभर विचार केला. सांगितलं नसतं तर त्यांचा आधार राहिला असता. पण त्यांच्याशी खोटं वागणं मला जमणार नव्हतं. संध्याकाळी सांगून टाकलं. मॅडम हसायला लागल्या. हसता हसता भिंतीला टेकल्या, डोळ्यांतून पाणी आलं, पदराने पुसलं आणि परत हसल्या. कढीच्या वेळेपेक्षाही जास्त. थांबल्यावर म्हणाल्या, “गेलं. एक मत होतं, थेबी गेलं.”

मी चपला घालायला उठलो.

“पन पाहा ना सर,” त्या जरा वेळाने म्हणाल्या, “तिनं एकच आयकला, अन् तिले आवडला. मापायले दुसरा नव्हताच तिच्यापाशी. मंग तिचंच मत सगळ्यायहून खरं होतं का सगळ्यायहून खोटं?”



दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मोठी पेटी सुभद्राबाईंना देऊन टाकली. सुभद्राबाईंनी ती घरी चुलीपासून लांब, मोरीच्या वरच्या फळीवर ठेवली आणि मोबाइल जोडून तिच्यावर भजनं लावायला लागल्या. मी विचारलं, कशी वाजते? “गोड,” त्या म्हणाल्या. शाळेच्या स्पीकरपेक्षा? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हे सर आजकाल कसले प्रश्न विचारतात.

त्यानंतर मॅडमनी नवी पेटी केली नाही. लुगडं उतरलं, शनिवारी शाळेचा स्पीकर घरी येणं थांबलं. मी तरी सवयीने जायचो. चहा व्हायचा, शाळेचं बोलणं व्हायचं. पाय दाराशी रेंगाळायचे, पण मागून हाक यायची नाही. निवृत्तीचा समारंभ विकतच्या स्पीकरवर झाला. मॅडमनी त्यावर छोटंसं भाषण केलं. आवाज स्वच्छ आला, असं सगळे म्हणाले. मुलगी येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेली. आऱ्या आणि पटाशी सुताराकडे गेल्या आणि राहिलेला कापूस शेजारच्या घरी उशीत भरला गेला.

मॅडम गेल्याची बातमी आम्हाला शिक्षकांच्या ग्रुपवर कळली. तेलुगूत लिहिलेला मजकूर आणि खाली फुलाचं चित्र. हेडमास्तरांची तोवर बदली झाली होती, तरी त्यांनी मला फोन केला. नुसतं “सर... सर” म्हणत राहिले.

त्याच्या काही महिने आधी मी मॅडमना भेटलो होतो. ट्रेनिंगसाठी हैदराबादला गेलो होतो, सुभद्राबाईंनी ज्वारीचं पीठ आणि वाळवलेली अंबाडी बांधून दिली होती. मुलीचं घर मोठ्या रस्त्याला लागून, वरच्या मजल्यावर. मॅडम फार वाळल्या होत्या. आजारी आहेत एवढंच मला माहीत होतं, किती ते कोणी सांगितलं नव्हतं. फळीवर मुलीचा एक छोटा गोल स्पीकर होता, पेरूएवढा.

“कसा वाजतो?” मी विचारलं.

“लेक लावते कदीकदी. चांगला हाय.”

अजून काही बोलतील म्हणून मी थांबलो. त्या पिठाची पिशवी उघडून वास घेत होत्या. मी गावच्या गोष्टी सांगितल्या. नदीला आलेलं पाणी, नव्या हेडमास्तरांची शिस्त, शाळेचा स्पीकर आता खरखरतो ते. त्याचं त्यांना सुख झालं असं दिसलं नाही, दुःखही नाही. शेवटी मी इतके दिवस मनात ठेवलेलं विचारलं, “मॅडम, खरं सांगा. तुमचा चांगला होता की विकतचा?”

“तुमाले काय वाटते?”

“मला अजूनही कळलं नाही.”

“मलेबी,” त्या म्हणाल्या, आणि त्यांना बरं वाटल्यासारखं झालं. म्हणाल्या, “मले वाटलं, तुमाले समजलं असन अन् तुमी सांगत नसान.”

चहा झाला. निघालो. मुलगी जिन्यापर्यंत आली, मॅडमना उठू नका म्हणालो. खाली रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली आणि सहज वर पाहिलं, तर त्या गॅलरीत येऊन कठड्याला धरून उभ्या होत्या. काहीतरी सांगत होत्या. मागून बस गेली, तिच्यामागं दुचाक्या, कोणीतरी हॉर्नवर हात ठेवून बसला होता. मी कानामागं हात धरला. त्यांनी परत सांगितलं, या वेळी जास्त वेळ. ओठ हलताना दिसत होते. एक हात कठड्यावर होता आणि दुसऱ्या हाताने त्या हवेत काहीतरी दाखवत होत्या, एवढं असं, किंवा तिकडं असं, किंवा सावकाश जा असं. मी मान हलवून नाही, नाही अशी खूण केली. त्यांनी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं.

“बैठते क्या, साब?” रिक्षावाला म्हणाला.

मुलीला मी नंतर फोन करून विचारलं होतं. ती आत होती, तिने काही ऐकलं नव्हतं. जपून जा म्हणाली असेल आई, असं ती म्हणाली. असेलही. पण जपून जा सांगायला एवढा वेळ लागत नाही.

मी रिक्षात पाय ठेवला, वर पाहून मोठ्याने म्हणालो, “हो मॅडम, हो. समजलं.”

त्यांना ते ऐकू गेलं असावं. त्यांनी मान डोलवली, पदर सारखा केला आणि कठड्याचा हात सोडून सावकाश आत गेल्या.